पद्मिनीचा कार्ब बदलायचाय? आधी पिशवीतला जुना बाहेर काढ

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत सांगतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुलाही कळेल. आजोबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, नाशिकला शेडमध्ये सहा-सात वर्षं उभी होती, मेस्त्रीने कार्ब, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर, गेलाय म्हणून सांगितलं, बाजारातून नवा आणला, दोन्ही बोल्ट बरोब्बर बसले म्हणून सगळे खूश, आणि आता गाडी काळा धूर सोडते, रेस दिली की आधी गचके खाते मग उचलते, आत पेट्रोलचा वास, ॲव्हरेज सात. जुना कार्ब डिकीत पिशवीत पडलाय. आणि तू विचारतोयस की अजून एक वेगळा नवा घेऊ की सरळ मारुतीचा बसवून टाकू. काका म्हणालास म्हणून तुला तूच म्हणतो.

दोन्ही करू नकोस. निदान आत्ता लगेच नको. तुझा नवा कार्ब खराब असेलच असं नाही, तो बहुतेक दुसऱ्याच गाडीचा आहे. बोल्ट बसले म्हणजे कार्ब बसला असं नसतं रे, बोल्टाची दोन भोकं काय कुणाचीही जुळतात, आतलं माप जुळायला लागतं. आणि ते माप तुला फुकटात सांगणारी एकच वस्तू आहे, ती पिशवीतली.

पण त्याच्याही आधी एक काम, आज रात्रीच कर. ऑइलची काडी बाहेर काढून वास घे. पेट्रोलचा वास आला किंवा लेव्हल आपोआप वर चढलेली दिसली तर गाडी चालू करायची नाही, ऑइल बदलायचं, मगच पुढचं. इतकी वर्षं उभ्या गाडीच्या पेट्रोल पंपाचा पडदा कडक होऊन फाटतो आणि पेट्रोल सरळ खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जातं, किंवा कार्ब ओव्हरफ्लो होऊन सिलिंडरच्या भिंती धुऊन खाली जातं. पातळ ऑइलवर बेअरिंगं गेली की मग कार्बचा खर्च चहापाण्याचा वाटेल.

दुसरं म्हणजे कार्ब खरंच गेला होता का हे कुणी तपासलं होतं? आपल्याकडे कार्ब म्हणजे घरातली धाकटी सून, काहीही झालं की नाव तिचंच. उभ्या गाडीत टाकीत गंज असतो, तो फिल्टर तुंबवतो, डिल्कोचे, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे, पॉइंट काळे पडलेले असतात, कंडेन्सर मेलेला असतो, प्लगच्या वायरी तडकलेल्या असतात, आणि ह्यातलं काहीही झालं तरी गाडी मिसिंगच मारते. मी कुर्ल्याच्या बाजूला गॅरेजमध्ये शिकलो, जिथे प्रीमियरच्या कारखान्यातून ह्याच गाड्या बाहेर पडायच्या, आणि आमच्या उस्तादांचा नियम होता की डिल्कोचं टोपण उघडल्याशिवाय कार्बच्या स्क्रूला हात लावला तर हातावर पाना पडेल. पडलाय पण. तेव्हा पॉइंट, टायमिंग, प्लग, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) हे आधी उरकून घे. टॅपेट टाइट असलेल्या इंजिनावर स्लो स्पीड, म्हणजे पाय न देता इंजिन फिरतं तो वेग, सेट करायला बसलास तर संध्याकाळ होईल आणि हाताला काही लागणार नाही.

आता ओळख पटवायचं काम. जुना कार्ब रॉकेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने घास, तारेचा ब्रश नको, बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, ओरखडे पडतात आणि अक्षरं जातात. तू पाठवलेल्या फोटोत फ्लोट चेंबरच्या, म्हणजे कार्बमध्ये पेट्रोल साठतं त्या वाटीच्या, अंगावर सोलेक्स आणि ३२ पीबीआयसी असं अर्धवट दिसतंय, म्हणजे गाडीवरचा मूळ घराण्यातला कार्ब टिकलाय, नशीबवान आहेस. ह्यातलं ३२ म्हणजे खालच्या गळ्याचा, जिथे ॲक्सिलरेटरने उघडणारी चकती, म्हणजे बटरफ्लाय, फिरते तिथला व्यास मिलिमीटरमध्ये. पी म्हणजे पंप, पाय दाबला की पेट्रोलची पिचकारी मारणारा. सगळ्यांची गोची इथेच होते, कारण लोक दुकानात जाऊन सोलेक्स ३२ द्या म्हणतात आणि दुकानदार सोलेक्स ३२ देतो, त्याचं काहीच चुकलेलं नसतं. ह्याच घराण्यातला कार्ब जीपवर आलाय, ॲम्बॅसडरवर आलाय. बाहेरून बघितलं तर मावसभाऊ. पण जीपचं हरिकेन इंजिन २१९९ सीसी, ॲम्बॅसडरचं जुनं १४८९, आणि आपली पद्मिनी १०८९. आतलं सगळं वेगळं.

आत काय वेगळं, तर पहिला आकडा व्हेंच्युरीचा. वरून टॉर्च मारून गळ्यात बघ, मधे जी अरुंद कंबर असते त्या नळीवर आकडा असतो, काही वेळा काळ्या थराखाली दबलेला असतो, कापडाला पेट्रोल लावून पुसायचा. हा आकडा म्हणजे सगळ्यात अरुंद जागेचा व्यास. ३२ च्या गळ्यात कंबर किती ठेवायची ते इंजिन बघून ठरतं. समजा एकात २२ निघाली आणि दुसऱ्यात २६, तर तुला वाटेल चारच मिलिमीटरचा फरक आहे, काय होतंय. पण हवा जाते ती क्षेत्रफळातून, आणि २६ चं क्षेत्रफळ २२ च्या जवळजवळ १.४ पट भरतं, म्हणजे ४० टक्के जास्त. लहान इंजिन तेवढीच हवा ओढतंय, वाट रुंद झाली, मग हवेचा वेग पडला, वेग पडला की जेटमधून, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकातून, पेट्रोल वर ओढायची ताकद पडली. म्हणून खालच्या आरपीएमला पाय दाबला की गाडी गचके खाते, आणि नंतर वेग आला की मोठ्या इंजिनाचा मेन जेट भसाभस पेट्रोल ओततो आणि काळा धूर. तुझी दोन्ही लक्षणं ह्यात बसतात बघ. म्हणून म्हणतोय दोन्ही कार्ब शेजारी ठेव आणि व्हेंच्युरीचे आकडे वाच, निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

मग जेट. मेन जेट ह्या कार्बमध्ये बाहेरूनच निघतो, फ्लोट चेंबरच्या तळाला मोठा षटकोनी बोल्ट असतो त्याच्या टोकाला पितळी जेट पिळलेला असतो, खाली वाटी धर, पेट्रोल सांडतं. स्लो स्पीडचा पायलट जेट पण बाहेरून. एअर करेक्शन जेट बघायला वरचं झाकण काढावं लागतं, तो उभ्या विहिरीच्या तोंडावर बसतो, त्याच्या खाली भोकाभोकांची इमल्शन ट्यूब. फ्लोट वर आला की पेट्रोल अडवणारी नीडल झाकणाच्या खालच्या बाजूला, तिच्या सीटवर पण आकडा असतो. हे सगळे आकडे वहीत लिहून ठेव, फोटो काढ. जेटवरचा आकडा ढोबळमानाने मिलिमीटरचे शंभरावे भाग समज, १२० म्हणजे १.२०. आणि इथे पण क्षेत्रफळाचा खेळ आहे, ११५ वरून १२० केलास तर दिसायला पाचच, पण भोक नऊ टक्के मोठं झालं.

एक सावधगिरी, आकड्यावर आंधळा विश्वास नको. आपल्या इथे टॅक्सीवाल्यांची ॲव्हरेजची भूक भागवायला मेस्त्री लोक मेन जेट डागाने बुजवून त्यात बारीक भोक पाडायचे, मी स्वतः असले डझनावारी जेट काढून फेकलेत, आणि मग पुढचा मेस्त्री गाडीला दम नाही म्हणून तोच जेट तारेने कोरून मोठा करायचा. जेटवर लिहिलंय एक आणि भोक भलतंच. तपासायला सोपा उपाय, बारीक ड्रिल बिटं ०.०५ मिलिमीटर फरकाची मिळतात, त्याची गुळगुळीत मागची दांडी जेटमध्ये हलकेच घालून बघायची, १.२० जाते आणि १.२५ अडते म्हणजे ठीक. फिरवायचं नाही, घुसवायचं नाही, नुसतं बघायचं. आणि जेट साफ करायला सुई किंवा स्टीलची तार कधीच नाही, हवा मारायची, फारच अडकलं असेल तर माशाच्या गळाची नायलॉनची दोरी.

अजून एक गंमत, जी बाहेरून किट मागवणाऱ्यांना माहीत नसते. इटलीतली फियाट ११०० डी ही १२२१ सीसीची होती. आपल्याकडे तीच बॉडी १९६४ पासून डिलाइट म्हणून आली, १९७४ पासून पद्मिनी झाली, पण इंजिन १०८९ चंच राहिलं. त्यामुळे युरोपातल्या साइटवर ११०० डी चा कार्ब किंवा जेटचा सेट दिसला आणि पार्सल मागवलंस तर ते १२२१ चं असण्याची शक्यता भरपूर. पॅकिंग, पडदे चालतील, जेटचे आकडे मात्र तुझ्या वहीतलेच.

आणि जुन्या बाजारातला कार्ब बघत असशील तर टॅक्सीतून निघालेला आहे का ते बघ. टॅक्स्या गॅसवर गेल्या तेव्हा काहींच्या कार्बच्या गळ्यात गॅसची नळी घालायला भोक पाडलं होतं, नंतर ते एमसीलने किंवा स्क्रूने बुजवून, वरून चंदेरी रंग मारून विकतात. मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली होती, तिची २० वर्षं २०२३ ला भरली आणि रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी संपली, तेव्हा भंगारात माल भरपूर आला पण बहुतेक असाच पिळून निघालेला. मला एकदा एका दुकानात सीलबंद डब्यातला ओरिजिनल म्हणून कार्ब दिला, घरी येऊन बटरफ्लायची दांडी हलवली तर खुळखुळा. डबा ओरिजिनल होता फक्त.

मग आता करायचं काय. माझ्या मते तुझा जुनाच कार्ब उभा करायचा. झाकण काढ आणि तीन गोष्टी बघ. एक, बटरफ्लायची दांडी बॉडीत वर-खाली हलते का. हलली म्हणजे भोकं अंडाकृती झाली, तिथून फुकटची हवा आत जाते आणि स्लो स्पीड कधीच लागत नाही, मग मेस्त्री स्लो स्क्रू पिळत बसतो. पण हा काही मरणाचा आजार नाही, चांगल्या लेथवाल्याकडे जा, भोकं रिमरने सरळ करून पितळी बुश ठोकून देतो, फक्त त्याला सांग की दोन्ही बाजू एका रेषेत पाहिजेत, एका बाजूने एक आणि उलटून दुसरी असं करायचं नाही. बटरफ्लाय परत बसवताना तिचे दोन बारीक स्क्रू अर्धवट टाइट करायचे, बटरफ्लाय दोन-तीनदा बंद करून तिला आपली जागा स्वतः घेऊ द्यायची, उजेडासमोर धरून कडेने सारखी फट आहे ना बघायचं, मग टाइट करून स्क्रूची टोकं मागून थोडी चेपायची. हे चेपायचं विसरू नकोस, तो स्क्रू सुटला तर सरळ सिलिंडरमध्ये जातो.

दोन, खालची फ्लँज, म्हणजे इंजिनावर बसणारी सपाट कड. कार्बचे दोन कान आवळून आवळून खाली वाकलेले असतात आणि मधे फुगा आलेला असतो, स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडासमोर बघ. वाकली असेल तर जाड काचेवर पॉलिश पेपर पसरायचा, थेंबभर रॉकेल, आणि आठच्या आकड्यात फिरवत घासायची. अर्ध्या तासाचं काम. लोक ह्यावर उपाय म्हणून दोन-दोन पॅकिंग घालतात आणि वरून सीलंट थापतात, तो सीलंट पेट्रोलने सुटून जेटमध्ये जातो, मग पुन्हा मेस्त्री.

तीन, आतली घाण. इतकी वर्षं उभ्या कार्बमध्ये पेट्रोल सुकून तपकिरी चिकट थर होतो आणि पाणी राहिलं असेल तर पांढरी भुकटी, ती बॉडीचंच धातू खाऊन झालेली असते. थर निघतो, एक रात्र कार्ब क्लीनरमध्ये ठेव. भुकटीने आतली वाटच खाल्ली असेल, खड्डे खोल असतील, तरच ती बॉडी सोड. फ्लोट कानाजवळ हलवून बघ, आत पेट्रोल वाजलं तर भोक आहे, गरम पाण्यात बुडव, बुडबुडे कुठून येतात ते दिसेल. नीडल नवीन घ्यायचीच, विचार करत बसू नकोस, आणि तिच्या सीटखालचा फायबर वॉशर जेवढ्या जाडीचा निघाला तेवढ्याच जाडीचा घाल. ह्या कार्बमध्ये फ्लोटची लेव्हल त्या वॉशरच्या जाडीवरच ठरते, वॉशर पातळ झाला की नीडल वर सरकते, लेव्हल वर जाते, पेट्रोल ओव्हरफ्लो. नव्या कार्बमधून तुला जो वास येतोय त्याचं एक कारण हे पण असू शकतं. पिचकारीच्या पंपाचा पडदा पण नवा.

चोकबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण फिटिंगच्या वेळी इथेच घोळ होतो. ह्या सोलेक्सला वर झाकणारा पत्र्याचा चोक नसतो. बाजूला चार स्क्रूचं एक गोल झाकण असतं, आत भोकं असलेली चकती, वायर ओढली की चकती फिरते आणि थंड गाडीसाठी वेगळ्या वाटेने घट्ट मिक्श्चर थेट बटरफ्लायच्या खाली जातं. म्हणजे तो छोटासा दुसरा कार्बच आहे. आणि तो चालतो इंजिनाच्या ओढीवर, बटरफ्लाय बंद असेल तरच ओढ मिळते, म्हणून थंड गाडी चालू करताना चोक ओढायचा आणि ॲक्सिलरेटरवर पाय अजिबात ठेवायचा नाही. आजोबांना विचार, ते असंच करत असणार. पाय देऊन सेल्फ मारणारे म्हणतात चोक काम करत नाही, आणि कार्ब बदलतात. तुझ्या नव्या कार्बवर चोक कुठल्या प्रकारचा आहे ते बघ, पत्र्याचा असेल तर वायरची दिशा पण चुकलेली असणार, आणि वायर ताणून बांधली असेल तर चोक कायम थोडा ओढलेला राहतो. काळ्या धुराचं सगळ्यात स्वस्त कारण तेच. आधी वायर सोडून, लीव्हर हाताने पूर्ण मागे करून गाडी चालवून बघ, पैसे लागत नाहीत.

मारुतीच्या कार्बचं विचारलंस. चालतात अशा गाड्या, मी नाही म्हणत नाही, मधे ॲडॅप्टर प्लेट करून घालतात. पण ते ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरवाल्या इंजिनासाठी जुळवलेलं, मग जेट परत शोधा, एअर क्लीनर बदला, उंची वाढली म्हणून बॉनेट बघा, ॲक्सिलरेटरचा रॉड वाकवा, आणि उद्या रस्त्यात बंद पडली तर कुठल्या गाडीचं काय आहे हे तुलाच आठवणार नाही. मी एकदा ऐन तारुण्यात माझ्या पद्मिनीवर जीपचा कार्ब चढवला होता, पॉवर वाढेल म्हणून, पसरणीच्या घाटात दुसऱ्या गियरमध्ये पाय पूर्ण दाबून एसटीच्या मागे लोंबकळत गेलो आणि बायको म्हणाली चालत गेलो असतो तर पोचलो असतो. वाईला उतरल्यावर पहिला जुना कार्ब परत बसवला, डिकीत होता म्हणून बरं.

जुना खरंच वाचणार नसेल तर दुसरा शोधताना वहीतले आकडे, आणि सोबत ही मापं: दोन स्टडच्या मधल्या अंतराचं व्हर्नियरने माप, गळ्याचा वरचा बाहेरचा व्यास (एअर क्लीनर बसायला), पूर्ण उंची, पेट्रोलची नळी कुठल्या बाजूला, ॲक्सिलरेटरचा लीव्हर कुठल्या बाजूला आणि ओढायचा की ढकलायचा, आणि डिल्कोकडे जाणाऱ्या व्हॅक्यूमच्या बारीक नळीचं टोक आहे की नाही. हे टोक नसलेला कार्ब घेतला तर ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी थोडी आधी पाडायची सोय, मरतो आणि ॲव्हरेज गेलं म्हणून परत जेट बारीक करायची बुद्धी होते. पुण्याला नाना पेठेत विचार, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात नशीब काढ, मुंबईत ऑपेरा हाऊसची जुनी स्पेअरची दुकानं आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड. कार्ब हातात घेऊन जा, फोनवर वर्णन करू नकोस. आकडेच नसलेले जेट, आकडा नसलेली व्हेंच्युरी आणि खूप चकचकीत बॉडी दिसली तर ठेव खाली. मला विचारशील तर दोन मेलेले ओरिजिनल घेऊन त्यातून एक जिवंत करणं हे एका नव्या नकलेपेक्षा कधीही बरं.

बसवताना. बॅटरीची निगेटिव्ह काढ, इंजिन थंड, शेजारी कुणी बिडी ओढत नाही ना बघ, हसू नकोस, मी बघितलंय. कार्ब उचलला की खालच्या भोकात लगेच स्वच्छ कापड कोंब, एक वॉशर आत पडला तर हेड उतरवायची वेळ येते. मधे जाड बेकेलाइटचा तुकडा असतो तो फेकू नको, इंजिनाची उष्णता कार्बला लागू नये म्हणून तो आहे, त्याच्या वर आणि खाली एकेक नवीन कागदी पॅकिंग, कोरडं. पॅकिंगची भोकं खालच्या भोकांशी जुळतात ना बघ, बाजारातली पॅकिंगं कधीकधी आतल्या वाटेवर येतात. नट दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून, छोट्या पान्याने, हाताच्या मनगटाच्या जोराने, खांद्याच्या नाही. कान वाकतात ते इथेच.

ॲक्सिलरेटरचा रॉड जोडल्यावर कुणाला तरी आत बसवून पाय पूर्ण दाबायला सांग आणि वरून बघ, बटरफ्लाय अगदी उभी झाली पाहिजे. आणि सोडल्यावर स्वतःहून टक्कन बंद झाली पाहिजे, स्प्रिंग नवीनच घाल. किती गाड्या मी बघितल्यात ज्यांची बटरफ्लाय कधी पाऊणच्या वर उघडतच नव्हती आणि मालक पॉवरसाठी पिस्टन-रिंग बदलून बसले होते. त्याच वेळी पिचकारी पण बघ, इंजिन बंद, पाय दाबला की गळ्यात एक सरळ बारीक धार पडायला पाहिजे, थेंब थेंब नाही. चोकच्या वायरला थोडी ढील ठेव. पेट्रोलची नळी नवीन, टाकीकडून पंपाच्या आधी फिल्टर, आणि क्लिपा नीट.

गाडी चालू केल्यावर आधी पाच मिनिटं फक्त गळती बघ, टॉर्चने. मग एक चक्कर मारून इंजिन पूर्ण गरम कर, थंड इंजिनावर सेटिंग करायची नाही. मिक्श्चरचा स्क्रू हलकेच पूर्ण आत घालून दीड आटे बाहेर, इथून सुरुवात. आत घालताना दाबायचा नाही, टोकाला खाच पडली तर तो स्क्रू गेला. स्लो स्क्रूने इंजिन ७००-८०० वर ठेव, मग मिक्श्चर पाव-पाव आटा आत घे, इंजिन लंगडायला लागेल तिथे थांब, परत बाहेर, जिथे सगळ्यात गुळगुळीत आणि जोरात फिरतं तिथे ठेव, स्पीड वाढला असेल तर स्लो स्क्रूने खाली आण, हेच दोन-तीन वेळा. आणि हा स्क्रूच तुला सगळं सांगतो बघ. पूर्ण आत घातला तरी इंजिन बंद पडत नाही म्हणजे पेट्रोल दुसरीकडून येतंय, एकतर नीडल गळतेय, नाहीतर बटरफ्लाय जास्त उघडी आहे. आणि तीन-चार आटे बाहेर काढल्यावरच बरं वाटतं म्हणजे कुठून तरी हवा घेतोय किंवा पायलट जेट तुंबलाय. दोन्ही वेळेला स्क्रू पिळत बसायचं नाही, कारण शोधायचं. जमलं की पीयूसीवाल्याकडे जाऊन मशीन लाव, इतक्या जुन्या गाडीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्क्यांपर्यंत चालतो, पण नीट लावलेली पद्मिनी त्याच्या बरीच खाली येते.

शेवटचं राहिलं ते हल्लीच्या पेट्रोलचं, कारण तू लिहिलंयस की मेन जेट मोठा कर असं कुणी सांगितलं. सांगणारा अगदीच चुकीचा नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं. साध्या पेट्रोलला एक किलोमागे साधारण १४.७ किलो हवा लागते, ह्याला साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेत आठ-नऊ टक्के पेट्रोल जास्त पाहिजे, आणि वर हिशोब केला तसा जेटचा पाचचा एक टप्पा तेवढाच भरतो. पण तुझी गाडी आत्ता काळा धूर सोडतेय, तिला आधी मूळ आकड्यावर आण, दोनशे किलोमीटर चालव, मग चढावर जोर देऊन गाडी बंद करून प्लग काढ. पांढरा फटक असेल आणि घाटात गाडी आत्मा गेल्यासारखी करत असेल तरच एक टप्पा वर. हलका तपकिरी असेल तर हात लावू नको. रबराच्या नळ्या आणि पडदे मात्र इथेनॉल चालणारे सांगूनच घे, जुन्या स्टॉकमधले दोन पावसाळ्यात चिघळतात. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीकडून पंपाला येणारी नळी काढून कार्बमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेव आणि मग बंद कर, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ती पांढरी भुकटी परत सुरू होते.

दोनशे किलोमीटरनंतर खालचे दोन नट एकदा परत बघ, नवीन पॅकिंग बसतं आणि नट ढिले होतात. पण ते नंतर. आत्ता टॉर्च घे आणि दोन्ही कार्बच्या गळ्यातला आकडा वाचून मला कळव, आणि चोकची वायर सोडून गाडी कशी चालली ते पण.